दुखवटा कोणी काढावा: आपत्तीनंतरचे शहर आणि टिकी बार

आपत्तीतून सावरू पाहणाऱ्या शहरात मौजेचे घर उघडावे की नाही, हा प्रश्न धर्मचिंतनात सहसा आडवळणानेच येतो. भूकंप, महापूर किंवा वणव्यात माणसे दगावली की ईश्वराच्या न्यायाविषयी चर्चा होते, मदतीच्या कर्तव्याविषयी होते, क्वचित शोकाच्या मर्यादेविषयीही होते. परंतु शोक अजून ओसरलेला नसताना कोणी दिवे लावून, वाद्ये वाजवून आणि पेले भरून दार उघडे ठेवले, तर त्याने धर्म सोडला की पाळला, याचा विचार बहुधा निंदेच्या किंवा समर्थनाच्या एखाद्या वाक्यात आटोपला जातो. प्रस्तुत विवेचनात हा प्रश्न अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहराच्या संदर्भात, आणि मौजेच्या एका विशिष्ट प्रकाराच्या, म्हणजे टिकी बारच्या, संदर्भात तपासला आहे. कारण येथे दोन शोक समोरासमोर येतात. एक त्या शहराचा, आणि दुसरा त्याहून पुष्कळ जुना, ज्यांच्या देवांच्या प्रतिमा त्या बारची सजावट होऊन बसल्या आहेत त्या लोकांचा.

टिकी बार म्हणजे प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांचे कल्पनाचित्र उभे करणारे मद्यगृह होय. बांबूच्या भिंती, वाळलेल्या झावळ्यांचे छत, मुद्दाम मंद ठेवलेले दिवे, बाहेरचा दिवस आत येऊ नये म्हणून झाकलेल्या किंवा मुळातच नसलेल्या खिडक्या, लाकडात कोरलेले उग्र चेहरे, आणि रम, फळांचे रस व मसाल्यांचा पाक यांची गुंतागुंतीची मिश्रणे, ही त्याची ओळख आहे. माओरी परंपरेत टिकी हे आदिमानवाचे नाव आहे. मार्केसास बेटांत ते देवत्वाला पोचलेल्या पूर्वजाचे आणि त्याच्या मूर्तीचेही नाव आहे. मात्र या नावाच्या मद्यगृहांचा जन्म त्या बेटांवर झालेला नाही. डिसेंबर 1933 मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली, आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट या गृहस्थाने, ज्याने पुढे डॉन बीच असे नाव धारण केले, हॉलिवूडमध्ये या प्रकारचे पहिले मद्यगृह थाटले. ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन याने तोच मार्ग धरला. तो काळ महामंदीचा होता, रम स्वस्त होती आणि माणसे थकलेली होती. डॉन बीचच्या मद्यगृहात मिश्रणे प्रत्यक्ष तयार करणारे कारागीर बव्हंशी फिलिपिनो स्थलांतरित होते, पण त्यांची नावे बराच काळ कोणी नोंदवली नाहीत. तात्पर्य, हा प्रकार सुखवस्तूंच्या फुरसतीतून निघालेला नसून पडझडीच्या काळातच निघालेला आहे, आणि म्हणून आपत्तीनंतरच्या शहराशी त्याचा संबंध वरवर वाटतो तितका विसंगत नाही.

न्यू ऑर्लिन्सवरील आपत्तीचे स्वरूप येथे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण धर्मविचाराची पहिली चूक याच ठिकाणी घडली. 29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना हे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळाच्या एकूण बळींचा आकडा दीर्घकाळ 1,833 असा सांगितला जात असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने 2023 मध्ये फेरतपासणी करून तो 1,392 असा केला. 2000 च्या जनगणनेत 4,84,674 असलेली शहराची लोकसंख्या 2010 मध्ये 3,43,829 इतकी उरली. काही धर्मोपदेशकांनी हा त्या विलासी शहराला मिळालेला ईश्वरी दंड असल्याचे सांगितले, आणि स्वतः महापौर रे नेगिन यांनी जानेवारी 2006 मध्ये ईश्वर अमेरिकेवर कोपला असल्याचे विधान केले, ज्याबद्दल त्यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. परंतु पाणी कोठे शिरले आणि कोठे शिरले नाही हे पाहिले की या मताचा पायाच ढासळतो. ज्या फ्रेंच क्वार्टर भागात शहरातील जुनी मद्यगृहे दाटीने आहेत, तो मिसिसिपी नदीने आपल्याच गाळाने उंचावलेल्या काठावर 1718 पासून वसलेला असल्यामुळे बराचसा कोरडा राहिला. आणि लोअर नाइन्थ वॉर्डसारखी, दर रविवारी भरणाऱ्या लहान लहान चर्चची, कष्टकरी कृष्णवर्णीयांची वस्ती छपरापर्यंत बुडाली. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन ॲव्हेन्यू या कालव्यांच्या काँक्रीटच्या पूरभिंती पाणी माथ्यापर्यंत चढण्यापूर्वीच सरकल्या होत्या, कारण त्यांच्या पायाखालच्या मऊ मातीचा हिशेब अभियंत्यांनी चुकीचा केला होता. ज्याला मानवी निष्काळजीपणाचे नाव देता येते, त्याला ईश्वरी कोप म्हणणे हे मृतांवर दुसऱ्यांदा केलेले अन्याय्य आरोपपत्र आहे. भारतीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही: 15 जानेवारी 1934 च्या बिहारच्या भूकंपाला गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाचे शासन म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्याच बाजूला असलेल्या रवींद्रनाथांनी नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटवण्यास उघड विरोध केला. या प्रश्नावर रवींद्रनाथांची बाजूच अधिक धर्म्य होती असे म्हणावे लागते, कारण ढिगाऱ्याखाली गेलेल्या अर्भकाला कोणत्याही पापाचा वाटेकरी ठरवता येत नाही.

दंडाची कल्पना बाजूला सारली तरी औचित्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. मराठी वाचकाच्या मनात येथे दोन आक्षेप उभे राहतील. पहिला मद्याविषयीचा: मनुस्मृतीने सुरापानाची गणना महापातकांत केली आहे, आणि दारूने उद्ध्वस्त केलेली घरे महाराष्ट्रातील गावोगाव आहेत, त्यामुळे तो आक्षेप हलका नाही, तथापि न्यू ऑर्लिन्सचा धर्माचार मुख्यतः कॅथलिक वळणाचा आहे, त्यात मद्य स्वभावतः पाप नसून अतिरेक पाप आहे, आणि एखाद्या समाजाच्या वर्तनाचा निवाडा त्याने स्वतः पत्करलेल्या नीतीवरून आधी करावा हे न्याय्य आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, तो म्हणजे शोक चालू असताना उत्सव निषिद्ध असावा हा. हिंदू आचारात याला सुतक म्हणजेच अशौच असे नाव आहे, आणि त्याच्या मुदतीत कुटुंब सण, मंगलकार्य व गोडधोड यांपासून दूर राहते.

याच आक्षेपाला न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी फेब्रुवारी 2006 मध्ये प्रत्यक्ष तोंड दिले. मार्डी ग्रा म्हणजे ख्रिस्ती चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशी संपणारा मिरवणुकांचा सण. त्या वर्षी तो 28 फेब्रुवारीला होता, म्हणजे वादळाला बरोबर सहा महिने होत होते. हजारो लोक अजून दुसऱ्या राज्यांत विखुरलेले होते, अनेक घरांच्या दारांवर शोधपथकांनी फवाऱ्याच्या रंगाने काढलेल्या फुल्या तशाच होत्या, त्यांच्या चार कोनांत तपासणीची तारीख, पथकाची खूण आणि आत सापडलेल्या प्रेतांची संख्या लिहिलेली होती. सण करू नये असे म्हणणाऱ्यांत परागंदा झालेले लोकही होते, आणि त्यांच्या म्हणण्यात वेदना होती: ज्यांना घरी परतण्याची सोय नाही त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्याच शहराने नाचावे काय? सण झाला, पण आखूड केलेल्या स्वरूपात झाला. त्या निर्णयामागे जी परंपरा होती ती समजून घेतल्याशिवाय त्याला उथळ म्हणणे योग्य होणार नाही.

ती परंपरा अंत्ययात्रेची आहे. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीयांच्या जॅझ अंत्ययात्रेत वाद्यवृंद चर्चपासून दफनभूमीकडे जाताना संथ, जड पावलांच्या चाली वाजवतो. शव निरोप घेऊन मार्गस्थ झाले की त्याच क्षणी ढोलाचा ठेका बदलतो, छत्र्या उघडतात, आणि मागून चालणारी, कोणीही सामील व्हावे अशी गर्दी, जिला सेकंड लाइन म्हणतात, नाचू लागते. हे दृश्य परक्याला विसंगत वाटते, परंतु त्यात शोकाला फाटा दिलेला नसतो. आधी शोक पूर्ण वाहिला जातो, आणि नंतर जिवंतांना जगण्याकडे परत नेले जाते. या यात्रा चालवणाऱ्या मंडळांना सोशल एड अँड प्लेझर क्लब असे म्हणतात. गुलामगिरीच्या अंतानंतर जेव्हा कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे, तेव्हा ही मंडळे वर्गणीतून आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवत, आणि तीच मंडळे वर्षातून एकदा मिरवणूकही काढत. त्यांच्यातील सर्वांत प्रसिद्ध, 1916 मध्ये रीतसर नोंदणी झालेले झुलू हे मंडळ, 2006 च्या सणातही रस्त्यावर उतरले. मृताला खांदा देणारे आणि नाचणारे हात एकच असल्यामुळे त्या आनंदाला एक अधिकार प्राप्त झालेला असतो, जो केवळ पैसे मोजून विकत घेतलेल्या आनंदाला नसतो.

हा अधिकाराचा मुद्दा या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, कारण वादळानंतरच्या वर्षांत नेमका त्याच अधिकारावर घाला पडला. 2006 च्या आरंभी एका मोठ्या मिरवणुकीच्या वेळी गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांनी सेकंड लाइनच्या परवान्याचे शुल्क कित्येक पटींनी वाढवले. मंडळांना न्यायालयात जावे लागले आणि 2007 मध्ये तडजोड होऊन ते शुल्क उतरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नगर परिषदेने सुमारे 4,500 घरांच्या चार मोठ्या सरकारी वसाहती पाडण्यास मंजुरी दिली, ज्यांपैकी कित्येक इमारती दुरुस्त होण्याजोग्या होत्या असे रहिवाशांचे म्हणणे होते. 1736 मध्ये स्थापन झालेले, गरिबांचा आधार असलेले चॅरिटी हॉस्पिटल वादळानंतर पुन्हा उघडलेच नाही. पर्यटकांच्या भागातील मद्यगृहे मात्र एकेक करून उजळत होती. येथे कोणी आनंद करावा आणि कोणी करू नये याचा निर्णय शोकाच्या नियमाने झालेला दिसत नाही, तो मालमत्तेच्या आणि वर्णाच्या नियमाने झालेला दिसतो, आणि धर्मदृष्टीने खरा दोष हाच आहे. मद्यगृह उघडले हे पाप नव्हे. घर, दवाखाना आणि मिरवणूक बंद ठेवून मद्यगृह उघडे ठेवणे, यात पाप आहे.

याचा अर्थ मद्यगृहाकडून शहराला काहीच मिळत नाही असा घेणे अयोग्य ठरेल. बूर्बाँ स्ट्रीटवरील जॉनी व्हाइट्स हे साधे मद्यगृह वादळाच्या आणि महापुराच्या दिवसांतही बंद झाले नाही; वीज नसताना, सरकार दिसत नसताना, मागे राहिलेल्या माणसांना बातमी आणि सोबत मिळण्याचे ते ठिकाण झाले. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 च्या आपल्या ग्रंथात घर आणि कामाचे ठिकाण यांच्या पलीकडच्या, सहज जाऊन बसण्याच्या जागेला तिसरी जागा अशी संज्ञा दिली आहे. गावाकडचा पार किंवा शहरातील जुने इराण्याचे हॉटेल याच वर्गात येते. आपत्ती घरे मोडते तशी ही तिसरी जागाही मोडते, आणि ती पुन्हा मिळाली की विखुरलेल्या शेजाऱ्यांना एकमेकांची खबर लागते. फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कालने करमणुकीला माणसाने स्वतःच्या दैन्यापासून काढलेली पळवाट म्हटले होते. त्याचे निरीक्षण खरे आहे, परंतु ज्याचे दैन्य दारात चिखलासारखे साचले आहे त्याला ते विसरल्याचा आरोप लावता येत नाही. तो रात्री दोन घटका बसतो आणि सकाळी फावडे घेऊन पुन्हा तोच चिखल उपसतो. विसावा आणि विस्मरण यांतील भेद येथेच आहे. विसाव्याने माणूस आपल्या जागी परत येतो. विस्मरणात त्याला ती जागाच नकोशी होते.

टिकी बारची अडचण अशी की तो स्वभावतः विस्मरणाचा व्यापार करतो. त्याला खिडक्या नकोत, कारण बाहेर शहर आहे. तो ज्या बेटाचे चित्र दाखवतो त्या बेटाचाही इतिहास त्याला नको असतो. ताहितीमध्ये देवाचे खरे रूप म्हणजे तोओ: लाकडाचा गाभा, त्याभोवती नारळाच्या काथ्याची घट्ट वीण, आणि त्यात खोवलेली लाल पिसे. या वस्तू गुंडाळून झाकलेल्या असत. पाइआतुआ नावाच्या विधीत पुरोहित त्यांची आवरणे सोडत, पिसांची देवाणघेवाण करून त्यांची शक्ती, म्हणजे माना, नव्याने जागवत, आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. जे सर्वांत पवित्र ते सर्वांत कमी दिसावे, हा तेथील नियम. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली अशा असंख्य प्रतिमा जाळल्या गेल्या, आणि हवाईमध्ये 1819 साली राजघराण्यानेच निषेधांची जुनी व्यवस्था मोडून मंदिरांतील मूर्ती नष्ट करवल्या. रुरुतु बेटावरील आआ या देवाची मूर्ती 1821 मध्ये मिशनऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या चेहऱ्याचे डोळे, नाक आणि तोंडसुद्धा लहान लहान मानवाकृतींनी बनलेले आहेत, अशा तीस आकृती तिच्या सर्वांगावर आहेत, आणि पाठीची झडप काढली की आत पोकळी आहे, जिच्यात पूर्वी आणखी मूर्ती ठेवलेल्या होत्या. टिकी बारमधील चिनी मातीचा पेलाही पोकळ असतो, त्यालाही देवाचा चेहरा असतो, आणि त्याच्या डोक्यातून नळी घालून रम प्यायली जाते.

यावर असा युक्तिवाद करता येईल की प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती ही केवळ माती असते, म्हणून पेल्यात देव नाही आणि त्यामुळे विटंबनाही नाही. हिंदू मूर्तिशास्त्रातून हा युक्तिवाद सुचतो, आणि तोओच्या विधीवरून पाहता तो पॉलिनेशियालाही काही अंशी लागू पडतो. परंतु हिंदूंनी स्वतः तो कधी पुरेसा मानलेला नाही. अमेरिकेत बीअरच्या बाटलीवर गणपतीचे चित्र छापले गेले तेव्हा तेथील हिंदूंनी आक्षेप घेतला, आणि त्या चित्रात प्राणप्रतिष्ठा झाली होती का, असे कोणी विचारले नाही. आक्षेप समजण्यासारखा होता, कारण प्रतिमा ही विधीने देव होत असली तरी विधीपूर्वीही ती कोणाची तरी असते. ज्याला स्वतःच्या देवाविषयी हे जाणवते, त्याने दुसऱ्याच्या देवाविषयी ते नाकारणे हा धर्म नव्हे. पॉलिनेशियनांच्या बाबतीत तर देव आधी जाळले गेले, मग संग्रहालयात गेले, आणि उरलेली आकृती पेल्यावर आली. ज्या दशकांत अमेरिकेत ही मद्यगृहे सर्वाधिक फोफावली होती, त्यांच्या अखेरीस, 1966 पासून 1996 पर्यंत, फ्रान्सने मोरुरोआ व फांगाताउफा या पॉलिनेशियन बेटांवर 193 अणुचाचण्या केल्या.

फ्रेंच क्वार्टरमध्ये लॅटिट्यूड 29 हा टिकी बार नोव्हेंबर 2014 मध्ये उघडला, म्हणजे कतरिनानंतर नऊ वर्षांनी. तो उघडणारे जेफ बेरी हे मुळात लेखक. डॉन बीचने कारागिरांपासूनही लपवलेल्या, बाटल्यांवर फक्त सांकेतिक नावे आणि आकडे लिहून राखलेल्या मिश्रणांच्या कृती त्यांनी जुन्या नोकरांच्या वह्यांतून वर्षानुवर्षे शोधल्या. डॉन्स मिक्स या गूढ नावामागे दोन भाग पपनसाच्या जातीच्या ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक आहे, हे त्यांनी उलगडले. हे काम विस्मरणाच्या नेमके उलट दिशेचे आहे, आणि त्याचा आदर करावयास हवा. विसरलेल्या फिलिपिनो कारागिरांची नावे आज थोडीफार ठाऊक आहेत ती अशा शोधांमुळेच. परंतु पेल्यातील रमचा माग त्याहून मागे, उसाच्या मळ्यांपर्यंत जातो. 1795 मध्ये एत्येन द बोरे याने न्यू ऑर्लिन्सजवळच्या आपल्या मळ्यात, गुलामांच्या श्रमांवर, दाणेदार साखर व्यापारी प्रमाणात काढून दाखवली, आणि त्यानंतर लुइझियानात ऊस पसरला. ज्यांच्या वंशजांची घरे लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये बुडाली त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी तो ऊस तोडला होता.

उसाचा हाच इतिहास पॅसिफिकमध्येही एका आपत्तीपर्यंत जाऊन पोचतो. हवाईच्या माउई बेटावरील लाहायना हे गाव एकेकाळी हवाईयन राज्याची राजधानी होते. अमेरिकन मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथील ओढ्यांचे पाणी उसाकडे वळवले. 1999 मध्ये तेथील साखर कारखाना बंद पडल्यावर पडीक जमिनींवर परदेशी गवत माजले, आणि 8 ऑगस्ट 2023 च्या वाऱ्यात त्याच वाळलेल्या गवताने आग गावापर्यंत आणली. 102 माणसे मेली. दोन महिन्यांनी, 8 ऑक्टोबरपासून, राज्यपालांनी पश्चिम माउई पर्यटनासाठी पुन्हा खुले करण्याचे ठरवले, तेव्हा दहा हजारांहून अधिक लोकांनी त्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. अनेक बेघर कुटुंबे हॉटेलांच्या खोल्यांतच आसऱ्याला होती, आणि हॉटेलांत काम करणाऱ्यांना अशा पाहुण्यांना हसून सामोरे जावे लागणार होते, जे सहज कुतूहलाने तुमचे घर जळाले का असे विचारणार होते. टिकी बार ज्यांच्या नावाने चालतो तेच लोक येथे शोकात होते, आणि त्यांची मागणी आनंद कायमचा बंद ठेवा अशी नव्हती. आम्हाला आधी घर मिळू द्या, मग दार उघडा, एवढीच होती. त्याच वेळी, पर्यटनाशिवाय मजुरी नाही म्हणून दार लवकर उघडावे असे म्हणणारेही त्याच गावचे होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

महाराष्ट्रातील आचारात याविषयी एक सूक्ष्म तरतूद आहे. सुतक दिवसांनी संपते, पण दुखवटा दिवसांनी आपोआप संपत नाही. सोयरे घरी येतात, विधवेला लुगडे, कर्त्या मुलाला टोपी किंवा पागोटे देतात, गोडाचा घास भरवतात, आणि मग ते घर पुन्हा सणावाराला मोकळे होते. शोक करणाऱ्याने तो स्वतः उठवायचा नसतो, तसा तो परक्याने येऊन उठवायचाही नसतो. ज्याने तेराही दिवस दारात बसून काढले आहेत त्याला तो हक्क असतो. न्यू ऑर्लिन्सच्या मंडळांना हा हक्क होता, कारण त्यांनी प्रेते पुरली होती. नऊ वर्षांनी आलेल्या मद्यगृहाला तो शहराच्या बाबतीत मिळवता येतो, जर त्याने शहरातील माणसांना काम दिले, परतलेल्यांना बसायला जागा दिली आणि परवान्यासाठी झगडणाऱ्या मिरवणुकीच्या बाजूने तोंड उघडले. देवांच्या बाबतीत तो हक्क पॅसिफिकच्या लोकांकडूनच यावा लागेल, आणि ते लोक एकमताचे नाहीत. अलीकडे काही मद्यगृहांनी देवमुखाचे पेले आणि टिकी हे नावही सोडून दिले आहे. दुसरीकडे हवाईमध्ये आणि कॅलिफोर्नियात असे टोंगन आणि सामोअन मूर्तिकार आहेत, ज्यांचा चरितार्थ बाजारासाठी टिकी कोरण्यावर चालतो, आणि त्यांच्या छिन्नीला काय कोरू द्यावे हे परक्यांनी ठरवावे, हे त्यांनाही मान्य नाही.